अंदाजाचा क्रमांक आणि प्लॅनचा क्रमांक: रेडिओथेरपीतल्या ७६ केबीपी साखळ्यांची तुलना

डोक्या-मानेच्या कर्करोगाचा प्लॅन, म्हणजे किरण कुठून आणि किती द्यायचे याचा आराखडा, हे रेडिओथेरपी प्लॅनिंगमधले सर्वांत किचकट कामांपैकी एक. गाठीला ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) पोहोचवायचे असतात आणि जवळच मज्जारज्जू असतो, त्याला ४५ ग्रेच्या वर जाऊ द्यायचे नसते. दोन्ही बाजूंच्या पॅरोटिड लाळग्रंथी वाचल्या नाहीत तर रुग्णाचे तोंड वर्षानुवर्षे कोरडे राहते. फिजिसिस्ट ऑप्टिमायझरला (गणिताने प्लॅन शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला) मर्यादा आणि वजने देतो, निकाल पाहतो, आकडे हलवतो, पुन्हा चालवतो. खरी अडचण थांबायचे कुठे ही आहे. ‘या रुग्णाच्या शरीररचनेत याहून चांगले शक्य होते का?’ याचे उत्तर समोरचा प्लॅन स्वतः देत नाही.

नॉलेज-बेस्ड प्लॅनिंग, म्हणजे सगळे म्हणतात ते केबीपी, हे उत्तर जुन्या प्लॅनमधून शोधते. काम दोन टप्प्यांत होते. आधी मॉडेल नव्या रुग्णाचा सीटी आणि कंटूर (त्यावर आखलेल्या गाठीच्या आणि अवयवांच्या सीमा) पाहून डोस कसा पसरेल याचा अंदाज देते. मग ऑप्टिमायझर त्या अंदाजाच्या जवळ जाणारा, मशीनवर देता येईल असा प्लॅन बनवतो. वर्षानुवर्षे शोधनिबंध येत होते ते पहिल्या टप्प्यावर, आणि प्रत्येक गटाचे रुग्ण वेगळे, मोजमाप वेगळे. ‘आमची पद्धत सरस’ हे वाक्य प्रत्येक निबंधात असायचे आणि ते तपासायची सोय कुणाकडे नसायची.

अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनच्या २०२० सालच्या ग्रँड चॅलेंजमध्ये, ओपनकेबीपीमध्ये, ही सोय झाली. त्यातलेच अंदाज घेऊन पुढे ओपनकेबीपी-ऑप्ट या नावाने दुसरा टप्पा तपासला गेला आणि तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रकरण या दोन्हींचे मिळून आहे. पहिल्या टप्प्यातला गुणफलक पाहून पद्धत निवडली तर फसगत कशी होते, हे त्यात आकड्यांसकट दिसते.

सगळ्यांना दिलेली सामग्री

डोक्या-मानेच्या कर्करोगाचे ३४० रुग्ण. त्यांतले २०० शिकवण्यासाठी, ४० पडताळणीसाठी आणि १०० अंतिम चाचणीसाठी. चाचणीच्या रुग्णांचा खरा डोस कुणालाही दिलेला नव्हता.

सर्व प्लॅन एकाच घडणीचे: एकाच प्रतलात समान अंतरावर नऊ बीम, म्हणजे दर ४० अंशांवर एक, ६ एमव्ही ऊर्जेचे किरण, आयएमआरटी (बीमच्या आत जागोजागी तीव्रता बदलणारी पद्धत), ३५ फ्रॅक्शन, म्हणजे ३५ हप्ते. टार्गेटचे, म्हणजे किरण द्यायच्या भागाचे, तीन स्तर होते, ७०, ६३ आणि ५६ ग्रे. जपायचे अवयव सात: ब्रेनस्टेम (मेंदूचा बुंधा), मज्जारज्जू, उजवी आणि डावी पॅरोटिड, स्वरयंत्र, अन्ननलिका, खालचा जबडा. प्रत्येक रुग्णाचा सीटी १२८ × १२८ × १२८ व्हॉक्सेलच्या, म्हणजे छोट्या त्रिमितीय ठोकळ्यांच्या, जाळीत बसवलेला, आणि एक व्हॉक्सेल साधारण ३.५ × ३.५ × २ मिलिमीटरचा.

संदर्भ प्लॅन स्वयंचलित पद्धतीने बनवलेले होते, वेगवेगळ्या फिजिसिस्टांच्या हातचे नव्हते. याचा फायदा असा की डेटात माणसामाणसांतला फरक आला नाही. तोटाही तोच: इथे चांगले गुण मिळवणारे मॉडेल एका नियमबद्ध ‘प्लॅनर’ची नक्कल करते. प्रत्यक्ष विभागातल्या डेटात चार जणांच्या चार सवयी मिसळलेल्या असतात आणि तिथला अंदाज त्या सवयींची सरासरी होऊन येतो.

मैदानात कोणत्या पद्धती असतात

जुनी शाखा डीव्हीएच अंदाजाची. डीव्हीएच म्हणजे अवयवाच्या किती भागाला किमान किती डोस मिळतो हे दाखवणारा वक्र. टार्गेटपासून अवयवाचा कोणता भाग किती अंतरावर आहे, किती भाग टार्गेटमध्ये शिरला आहे, असे मोजके भौमितिक आकडे काढायचे, त्यांचे मुख्य घटक विश्लेषण करायचे (म्हणजे ते मोजक्या घटकांत बसवायचे) आणि रिग्रेशनने डीव्हीएच वक्र वर्तवायचा. व्हेरियन कंपनीचे रॅपिडप्लॅन सॉफ्टवेअर याच घराण्यातले. मोजक्या प्लॅनवर चालते, काय शिकले ते उलगडून पाहता येते आणि चुकले तर का चुकले हे सापडते. पण डीव्हीएचला जागा कळत नाही. मानेच्या मागच्या बाजूला ५५ ग्रेचा पट्टा गेला की पुढच्या बाजूला, वक्र तोच येऊ शकतो.

दुसरी शाखा ॲटलासची: साठ्यातला सर्वांत सारखा रुग्ण शोधायचा आणि त्याचा डोस नव्या शरीरावर ताणून बसवायचा. गाठ नेहमीच्या जागी असेपर्यंत ठीक, वेगळी आली की सारखा रुग्णच सापडत नाही.

तिसरी शाखा व्हॉक्सेलनिहाय डोस अंदाजाची, आणि सध्याची खरी चुरस तिथेच आहे. बहुतेकांचा पाया यू-नेट हा, म्हणजे चित्रावरून चित्र काढणारे न्यूरल नेटवर्क. फरक पडतो तो पुढच्या निवडींनी. एकेक स्लाइस पाहणारे द्विमितीय नेटवर्क मेमरी कमी खाते, पण वरच्या-खालच्या स्लाइसमधले सातत्य त्याला दिसत नाही, त्यामुळे टार्गेटच्या वरच्या आणि खालच्या टोकाला डोस पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो. त्रिमितीय नेटवर्कला हा त्रास नाही, मात्र मेमरीमुळे एका वेळी एक-दोनच रुग्ण घेता येतात. गॅन पद्धतीत दुसरे नेटवर्क ‘हा डोस खरा वाटतो का’ हे तपासते. चित्र धारदार येते, शिकवणे अस्थिर होते. ओपनकेबीपीत पहिला आलेल्या संघाने दोन त्रिमितीय यू-नेट एकामागे एक जोडले होते: पहिले ढोबळ डोस देते आणि दुसरे तो डोस व मूळ चित्र दोन्ही पाहून सुधारते. वरच्या क्रमांकांच्या अनेक संघांनी कुठल्याही कामात चालणारी तंत्रे वापरली होती, उदाहरणार्थ अनेक मॉडेलांच्या अंदाजाची सरासरी घेणारे एन्सेंबल. वर येण्यासाठी अशी साधी तंत्रे कामी आली, हे लक्षात ठेवावे.

गुण कसे मोजले, आणि त्यात काय दिसत नाही

गुण दोन, दोन्ही ग्रेमध्ये, कमी तितके चांगले. डोस स्कोअर म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलमधला अंदाज आणि संदर्भ यांच्यातल्या फरकाची सरासरी, धन-ऋण चिन्ह सोडून. डीव्हीएच स्कोअरमध्ये प्रत्येक अवयवाचा सरासरी डोस आणि डी०.१सीसी, म्हणजे सर्वांत तापलेल्या ०.१ घनसेंटिमीटरला मिळणारा किमान डोस. आणि प्रत्येक टार्गेटचे डी१, डी९५, डी९९, म्हणजे टार्गेटच्या १, ९५ आणि ९९ टक्के भागाला मिळणारा किमान डोस. या बिंदूंवर अंदाज आणि संदर्भ यांच्यात पडणाऱ्या फरकाची सरासरी म्हणजे हा स्कोअर. सात अवयवांचे १४ बिंदू आणि तीन टार्गेटचे ९, एकूण २३.

इथे थोडा हिशेब करू. ३.५ × ३.५ × २ मिलिमीटर म्हणजे २४.५ घनमिलिमीटर. ०.१ घनसेंटिमीटर म्हणजे १०० घनमिलिमीटर. मज्जारज्जूचा प्लॅन पास की नापास, हे ठरवणारा डी०.१सीसी इथे अवघ्या चार व्हॉक्सेलवर उभा आहे. पूर्ण जाळीत २० लाख ९७ हजार १५२ व्हॉक्सेल आहेत. शरीराबाहेरचे वगळले तरी लाखांत उरतात. त्या चार व्हॉक्सेलमध्ये मॉडेल ८ ग्रेने चुकले, तरी डोस स्कोअरच्या तिसऱ्या दशांश स्थळालाही ते जाणवणार नाही. डोस स्कोअर उत्तम असलेल्या अंदाजात मज्जारज्जू ४५ ग्रेच्या पार जाऊ शकतो तो असा. दोन गुण वेगळे ठेवण्याचे कारण हेच. एकच आकडा हवा म्हणून त्यांची बेरीज करणे हा आळस आहे.

पहिल्या टप्प्याचा निकाल

२८ देशांतून १९५ जणांनी नाव नोंदवले. पडताळणीत ७३ जणांचे ४४ संघ उतरले आणि त्यांनी मिळून १,७५० वेळा अंदाज पाठवले. त्या काळात संघांचा डोस स्कोअर सरासरी २.७ पटीने आणि डीव्हीएच स्कोअर ५.७ पटीने सुधारला. अंतिम चाचणीत २८ संघ राहिले. पहिल्या मॉडेलचा डोस स्कोअर २.४२९ आणि डीव्हीएच स्कोअर १.४७८. दोन्ही गुणांत दुसऱ्या क्रमांकावर आलेले अनुक्रमे २.५६४ आणि १.५२९.

हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय होता. पण ०.१३५ ग्रे म्हणजे ७० ग्रेच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी. डीव्हीएचमधला ०.०५१ ग्रेचा फरक तर त्याहून बारीक. कंटूर काढणाऱ्या दोन डॉक्टरांमध्ये पॅरोटिडच्या सीमेवरून जो फरक पडतो, त्यापुढे हे आकडे गणतीत येत नाहीत. पहिला कोण हे कळले. पहिल्याचा अंदाज वापरला तर रुग्णाला काय मिळेल, हे यातून कळत नव्हते.

दुसरा टप्पा: अंदाजाला प्लॅन जोडला

ओपनकेबीपी-ऑप्टमध्ये १९ मॉडेलांचे अंदाज घेतले आणि प्रत्येक अंदाज चार ऑप्टिमायझेशन पद्धतींतून काढला. १९ गुणिले ४ अशा ७६ साखळ्या, प्रत्येकीचे १०० रुग्ण, म्हणजे ७,६०० प्लॅन.

चारही पद्धती ‘डोस मिमिकिंग’च्या. प्रत्येक बीमचे छोटे बीमलेट करायचे, कुठल्या बीमलेटची एकक तीव्रता कुठल्या व्हॉक्सेलला किती डोस देते याचे मॅट्रिक्स तयार ठेवायचे, आणि अंदाजाशी कमीत कमी फरक राहील अशा तीव्रता शोधायच्या. ‘कमीत कमी फरक’ म्हणजे काय, यावर चार प्रकार होतात: फरकाची सरासरी धरायची की सर्वांत मोठा फरक, आणि तो ग्रेमध्ये मोजायचा की टक्क्यांत.

ही निवड वरवर किरकोळ वाटते, तशी ती नाही. सरासरी धरली की एका ठिकाणची मोठी चूक बाकीच्या ठिकाणच्या बचतीत मिटून जाते. सर्वांत मोठा फरक धरला की एखादी भौतिकदृष्ट्या अशक्य अपेक्षा सगळ्या प्लॅनला वेठीला धरते, कारण ऑप्टिमायझरची सारी ताकद तिथेच खर्ची पडते. टक्क्यांत मोजले तर कमी डोसचे भाग जड होतात: २ ग्रेची चूक ५ ग्रेच्या जागी ४० टक्के होते, ७० ग्रेच्या जागी ३ टक्क्यांहूनही कमी.

तपासणी तीन अंगांनी झाली: डोस स्कोअर, २३ डीव्हीएच बिंदू आणि क्लिनिकल निकष. निकष असे:

- ब्रेनस्टेम डी०.१सीसी ५० ग्रेपर्यंत, मज्जारज्जू ४५ ग्रेपर्यंत, जबडा ७३.५ ग्रेपर्यंत
- दोन्ही पॅरोटिडचा सरासरी डोस प्रत्येकी २६ ग्रेपर्यंत, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेचा ४५ ग्रेपर्यंत
- तिन्ही टार्गेटचा डी९९ लिहून दिलेल्या डोसच्या किमान ९५ टक्के, म्हणजे ६६.५, ५९.९ आणि ५३.२ ग्रे

निकालातली पहिली गोष्ट क्रमांकांची. अंदाजाचा डोस स्कोअर आणि त्यातून निघालेल्या प्लॅनचा डोस स्कोअर यांचा क्रम-सहसंबंध (१ म्हणजे दोन्ही क्रमवाऱ्या तंतोतंत सारख्या) ०.५० ते ०.६२ निघाला. म्हणजे चांगल्या अंदाजातून साधारणपणे चांगला प्लॅन येतो, पण ‘साधारणपणे’ या शब्दात बरेच काही दडलेले आहे. वर्ग केला तर ०.२५ ते ०.३८ येतो: प्लॅनच्या क्रमवारीतल्या चढउताराचा पाव ते दोन-पंचमांश भागच अंदाजाच्या क्रमवारीवरून कळतो. बाकीचा ऑप्टिमायझर ठरवतो आणि रुग्णाची शरीररचना ठरवते.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी. २३ पैकी १८ डीव्हीएच बिंदूंवर प्लॅन हे ज्या अंदाजांवरून बनले त्यांच्यापेक्षाच लक्षणीय चांगले होते. निकष पाळण्यात संदर्भ प्लॅन अंदाजांपेक्षा ३.५ टक्क्यांनी पुढे होते, आणि चारही ऑप्टिमायझेशन पद्धतींचे प्लॅन संदर्भ प्लॅनच्याही पुढे गेले.

प्लॅन अंदाजाच्या पुढे का जातो

नेटवर्क शिकते ते सरासरी चूक कमी करायला. एकाच शरीररचनेला दोन-तीन तऱ्हेने चांगला डोस देता येतो: काही ठिकाणी डाव्या बाजूने जास्त, काही ठिकाणी उजव्या. नेटवर्क यातला एक निवडत नाही, मधला काढते. त्यामुळे टार्गेटच्या कडेचा डोस, जो प्रत्यक्षात काही मिलिमीटरमध्ये कोसळतो, अंदाजात सौम्य उतारासारखा दिसतो. कड पुसट झाली की आतल्या बाजूला डी९९ घसरतो आणि बाहेरच्या बाजूला शेजारच्या अवयवाचा डोस वाढतो. दोन्ही बाजूंनी निकष बिघडतात. एन्सेंबलने डोस स्कोअर सुधारतो, पण सरासरीवर सरासरी घेतल्याने हा पुसटपणा मिटायला मदत होत नाही.

ऑप्टिमायझरला पुसट कड हवी-नको असा प्रश्नच नसतो. त्याच्याकडे बीमलेटचे मॅट्रिक्स आहे, म्हणजे खरे भौतिकशास्त्र आहे. टार्गेट भरताना जी तीव्र कड मिळते ती मिळतेच. अंदाज त्याला दिशा दाखवतो: या रुग्णात डावी पॅरोटिड वाचण्यासारखी आहे, उजवी गाठीला लागून आहे, तिच्यामागे लागू नकोस. बारकावा मॅट्रिक्समधून येतो. म्हणून थोडा कमी अचूक पण योग्य दिशा दाखवणारा अंदाज, आणि अतिशय अचूक अंदाज, यांतून जवळपास सारखेच प्लॅन निघू शकतात.

स्वतःच्या विभागात ही तुलना करताना कुठे घसरते

डोस स्कोअरचा भागाकार कशाने करता हे आधी पक्के करा. ओपनकेबीपीत भाजक म्हणजे डोस पोहोचू शकतो अशा व्हॉक्सेलची संख्या. समजा तुमच्या जाळीत असे व्हॉक्सेल एक-षष्ठांशच आहेत आणि तुम्ही पूर्ण जाळीने भागले, तर २.४ ग्रेचा स्कोअर ०.४ दिसेल. मॉडेल तेच, आकडा सहापट देखणा. दोन निबंधांतले स्कोअर शेजारी ठेवण्यापूर्वी हा मास्क (कोणते व्हॉक्सेल मोजायचे ते ठरवणारा नकाशा) पाहिला नाही तर तुलनेला अर्थ नाही.

डेटा वाढवण्यासाठी चित्र डावे-उजवे उलटवतात. चित्र उलटले पण पॅरोटिडचे चॅनेल (मॉडेलला एकेक अवयव वेगळा देणारे थर) अदलाबदल करायचे राहिले, की उजव्या पॅरोटिडच्या चॅनेलमध्ये डावीकडचा आकार बसतो. प्रोग्राम कुठेही अडत नाही, लॉस (शिकतानाच्या चुकीचे माप) उतरत राहतो. फक्त एका बाजूच्याच मानेवर उपचार असलेल्या रुग्णांमध्ये दोन्ही पॅरोटिडचा अंदाज एकमेकींकडे सरकतो. हा दोष शोधायचा तर असे पाच-सहा रुग्ण वेगळे काढून दोन्ही ग्रंथींचे सरासरी डोस संदर्भाशी ताडावेत. एकूण सरासरीत तो दिसत नाही.

प्रत्येक रुग्णात प्रत्येक कंटूर नसतो. ६३ ग्रेचे टार्गेट अनेकांत नसतेच. नसलेला कंटूर आणि शून्य डोस मिळालेला कंटूर, या दोन गोष्टी कोडमध्ये वेगळ्या ठेवाव्या लागतात. नसलेल्याचा डीव्हीएच बिंदू शून्य धरून सरासरीत टाकला की स्कोअर फुकट सुधारतो. कंटूरची नावे हा त्याच्याआधीचा घोळ: एकाच अवयवाला ‘पॅरोटिड_एल’, ‘एलटी पॅरोटिड’, ‘डावी पॅरोटिड’ अशी तीन नावे जुन्या साठ्यात सहज सापडतात. जुळवणी हाताने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. या कामाला मॉडेल शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि लागू द्यावा.

चाचणीचे रुग्ण सुरुवातीलाच कुलपात ठेवा. १,७५० वेळा पडताळणीचा स्कोअर पाहिल्यावर त्या ४० रुग्णांवरचा आकडा निष्पाप राहत नाही, म्हणूनच चाचणीचे १०० वेगळे होते. विभागात डेटा कमी म्हणून एकच संच दोन्हीकडे वापरण्याचा मोह होतो. मॉडेल मग त्या संचापुरते चांगले निघते.

आणि शिकवण्याच्या प्लॅनची प्रत. मागच्या काही वर्षांत विभागात पॅरोटिडचा सरासरी डोस ३३-३४ ग्रेवर सोडून दिला जात असेल, तर मॉडेल तेच ‘शक्य’ म्हणून वर्तवेल, रुग्णात २४ शक्य असले तरीही. त्यामुळे शिकवण्यापूर्वी जुन्या प्लॅनपैकी काही पुन्हा ऑप्टिमाइझ करून पाहावेत. सहज सुधारणारे प्लॅन जास्त निघाले तर आधी साठा सुधारावा.

यातले काय उचलता येत नाही

ओपनकेबीपी-ऑप्टचे प्लॅन फ्लुएन्सच्या पातळीवर थांबतात. म्हणजे बीमलेटच्या तीव्रता मिळाल्या, पण बीमला आकार देणाऱ्या मल्टिलीफ कोलिमेटरच्या पात्यांची चाल अजून ठरायची आहे. ती चाल ठरवण्यात, म्हणजे लीफ सिक्वेन्सिंगमध्ये, आदर्श तीव्रता आणि देता येणारी तीव्रता यांत फट पडते, आणि तीव्रतेचा नकाशा जितका खडबडीत तितकी ती फट मोठी. गुंतागुंतीवर मर्यादा न घालता निकष पूर्ण करणारी साखळी निवडली, तर तिचा लाभ सिक्वेन्सिंगमध्ये गळून जाऊ शकतो. व्हीमॅटमध्ये (मशीन रुग्णाभोवती फिरत डोस देते त्या पद्धतीत) तर बीमच स्थिर नसतात, त्यामुळे नऊ बीमच्या डोसवर शिकलेला अंदाज तिथे लावताच येत नाही. कमी डोसचा पसारा वेगळा असतो आणि टक्क्यांत फरक मोजणाऱ्या पद्धती नेमक्या त्याच भागाला जास्त वजन देतात.

म्हणून विभागात दोन-तीन अंदाज मॉडेल निवडायची असतील, तर तुलना शेवटच्या पायरीवर करावी: स्वतःच्या मशीनचा बीम डेटा, स्वतःचा ऑप्टिमायझर, सिक्वेन्सिंगनंतर पुन्हा मोजलेला डोस, आणि मग वरच्या निकषांचा तक्ता रुग्णागणिक. २० ते ३० रुग्ण पुरतात, कारण शोधायचा असतो तो ०.१ ग्रेचा फरक नाही. पाहायचे एवढेच: कोणत्या साखळीत मज्जारज्जू किंवा ब्रेनस्टेम नापास होतो, किती रुग्णांत, आणि त्या रुग्णांत गाठ कुठे आहे. नापास झालेल्यांच्या गाठी एकाच जागी निघाल्या, उदाहरणार्थ कवटीच्या तळाशी, तर त्या जागेचे रुग्ण शिकवण्याच्या साठ्यात किती होते ते आधी मोजावे. बहुतेक वेळा मॉडेलची रचना बदलायची गरज पडत नाही, तसे दहा-पंधरा प्लॅन साठ्यात घालावे लागतात.